कलाकृती इतिहासात कुठून शिरते? : रेड्झा पियादासा यांची कला आणि इतिहासलेखन

दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातील जे देश स्वतंत्र झाले, त्यांपैकी अनेक देशांत आधुनिक चित्रकला आधी आली आणि तिचा इतिहास लिहिणारे बरेच उशिरा आले. त्यामुळे चित्रे काढणाऱ्यांपैकीच कोणाला तरी लेखणी हाती घेऊन आधीच्या पिढ्यांची नोंद करावी लागली, विखुरलेली चित्रे शोधून एकत्र आणावी लागली आणि कोणाच्या मागे कोण आले, कोणी कोणाकडून काय घेतले, हेही ठरवावे लागले. मलेशियात हे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत रेड्झा पियादासा (१९३९–२००७) यांचे नाव अग्रक्रमाने येते. ते संकल्पनात्मक कलावंत होते, कला-इतिहासकार होते, शिक्षक आणि समीक्षकही होते. कलावंत कलाकृती घडवतो आणि इतिहासकार मागाहून तिचा अर्थ लावतो, अशी कामाची वाटणी एरवी गृहीत धरली जाते. पियादासा यांच्या बाबतीत ती वाटणी टिकत नाही, कारण त्यांच्या चित्रांमागे आणि त्यांच्या पुस्तकांमागे एकच प्रश्न उभा आहे : एखादी कलाकृती इतिहासात केव्हा शिरते, कोणत्या दाराने शिरते आणि ते दार कोण उघडते?

त्यांच्या कामाकडे वळण्यापूर्वी संकल्पनात्मक कला म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ही संज्ञा १९६०च्या दशकात रूढ झाली. कलाकृतीचा गाभा तिच्या रंगरेषांत, घडणीत वा हस्तकौशल्यात नसून तिच्यामागील विचारात असतो, आणि तो विचार नेमकेपणाने मांडला गेला की प्रत्यक्ष वस्तूला दुय्यम स्थान उरते, अशी या कलेची भूमिका आहे. अमेरिकी कलावंत सोल ल्युविट यांनी १९६७ साली एका लेखात ती स्पष्टपणे मांडली. जोसेफ कोसुथ यांनी १९६५च्या एका प्रसिद्ध कलाकृतीत खरी खुर्ची, त्याच खुर्चीचे छायाचित्र आणि शब्दकोशातील खुर्चीची मोठी करून छापलेली व्याख्या शेजारी शेजारी मांडून, यांतली ‘खुर्ची’ नेमकी कोणती, असा पेच प्रेक्षकासमोर ठेवला होता. या साऱ्या विचाराचे मूळ मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताच्या १९१७च्या कृतीपर्यंत नेले जाते. बाजारातून विकत आणलेले मुतारीचे चिनी मातीचे भांडे त्यांनी शिल्प म्हणून प्रदर्शनाकडे पाठवले होते, आणि कलावंताने निवडली म्हणून कोणतीही वस्तू कलाकृती होऊ शकते का, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मात्र हा प्रवाह पॅरिस वा न्यूयॉर्कमध्ये उगम पावून जगभर पाझरत गेला, असे समजणे अपुरे ठरेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियममध्ये १९९९ साली भरलेल्या जागतिक संकल्पनात्मक कलेच्या मोठ्या प्रदर्शनाने दाखवून दिल्याप्रमाणे लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप, जपान, आफ्रिका, आग्नेय आशिया अशा अनेक ठिकाणी कलावंत वस्तूकडून विचाराकडे वळले, ते तिथल्या तिथल्या राजकीय आणि सामाजिक कारणांमुळे. पियादासा यांचे काम याच नकाशावर ठेवून पाहावे लागते.

त्यांचा जन्म १९३९ साली मलाया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील कुआंतान या गावी, मूळच्या सिंहली वंशाच्या कुटुंबात झाला. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ‘रेड्झा’ हे नाव घेतले. ब्रिटिशांच्या अमलात श्रीलंका, दक्षिण भारत आणि दक्षिण चीन या प्रदेशांतून रबराच्या मळ्यांत, कथिलाच्या खाणींत, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत कामासाठी आलेल्या लोकांमुळे मलायाचा समाज बहुवंशीय झाला होता, आणि त्या समाजातील एका अगदी लहान गटात ते वाढले. मलय, चिनी आणि भारतीय या तीन मोठ्या गटांच्या हिशेबात कुठेच नीट न बसणाऱ्या माणसाने पुढे ‘राष्ट्रीय कला कोणाची?’ हा प्रश्न आयुष्यभर लावून धरावा, यात नवल नाही. शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेण्यासाठी ते इंग्लंडला गेले. मलायातील शिक्षकांसाठी वुल्व्हरहॅम्प्टनजवळ ब्रिन्सफर्ड लॉज येथे खास महाविद्यालय चालवले जाई, तिथे त्यांचे शिक्षण झाले. नंतर १९६३ ते १९६७ या काळात त्यांनी लंडनच्या हॉर्न्सी कला महाविद्यालयात कलाशिक्षण घेतले. ते परतले तेव्हा मलाया हे राज्य मलेशिया या संघराज्याचा भाग झाले होते आणि सिंगापूर त्या संघराज्यातून बाहेरही पडले होते.

त्या वेळी क्वालालंपूरच्या कलाजगतात सैयद अहमद जमाल, लतीफ मोहिदीन आदी चित्रकारांच्या अमूर्त अभिव्यक्तिवादाचा दबदबा होता. कुंचल्याचे मोकळे, वेगवान फटकारे आणि रंगांचे उसळते थर यांतून चित्रकाराच्या अंतर्मनातील भाव थेट प्रकट होतो, असा या शैलीचा दावा होता. हॉर्न्सीहून आलेल्या पियादासा, सुलेमान एसा आणि त्यांच्या काही समकालीनांना हा दावा मान्य नव्हता. भावनेच्या उमाळ्याऐवजी बुद्धीची शिस्त, काटेकोर भौमितिक आकार, सपाट रंग आणि आधी आखलेली रचना यांवर त्यांचा भर होता. ‘न्यू सीन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या तरुणांची कला आज पाहताना काहीशी कोरडी वाटते. तरी कलाकृती ही विचार करण्याची जागा आहे, भावना ओतण्याचे भांडे नव्हे, हे त्यांनी मलेशियात पहिल्यांदा ठामपणे सांगितले.

या वादाला लवकरच वेगळे आणि गंभीर वळण मिळाले. मे १९६९मधील सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. अधिकृत आकड्यानुसार १९६ माणसे मारली गेली, आणीबाणी पुकारण्यात आली आणि संसदेचे कामकाज १९७१पर्यंत स्थगित राहिले. दंगलीनंतरच्या वर्षी पियादासा यांनी ‘१३ मे १९६९’ या नावाची कलाकृती प्रदर्शित केली. शवपेटीसारखी एक पेटी त्यांनी जमिनीवर उभी केली होती, तिच्यावर मलेशियाचा राष्ट्रध्वज रंगवलेला होता, आणि खाली आरसा ठेवल्यामुळे ती पेटी जमिनीच्या पोटात तितकीच खोल उतरल्यासारखी दिसे. बांधणी हॉर्न्सीत शिकलेल्या भौमितिक शिल्पाचीच होती. पट्टे, सरळ कडा, सपाट रंग. परंतु राष्ट्रध्वजाचे पट्टे आणि भौमितिक अमूर्ताचे पट्टे एकमेकांवर बसताच परक्या मुलुखातून आणलेल्या शैलीला स्थानिक वेदनेचा आशय मिळाला. ज्या विषयावर उघडपणे बोलणे जवळजवळ अशक्य झाले होते, त्याविषयी इतक्या लगेच आणि इतक्या संयमाने बोलणारी दुसरी कलाकृती त्या काळातील मलेशियात सापडणे कठीण आहे.

दंगलीचा दुसरा परिणाम सांस्कृतिक धोरणावर झाला. १९७१च्या ऑगस्टमध्ये मलाया विद्यापीठात राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली आणि तिच्यातून तीन तत्त्वे पुढे आली : राष्ट्रीय संस्कृतीचा पाया या प्रदेशातील मूळ रहिवाशांची संस्कृती हा असावा, इतर संस्कृतींतील योग्य ते घटक तिच्यात सामावून घ्यावेत, आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा घटक असावा. शासकीय परिभाषेत मलय आणि अन्य मूळ रहिवाशांना ‘भूमिपुत्र’ म्हटले जाते, आणि प्रामुख्याने अशा विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या मारा तंत्रशिक्षण संस्थेच्या कला विभागात पियादासा त्या वेळी शिकवत होते. म्हणजे ज्या संस्थेतून नव्या राष्ट्रीय कलेचे शिलेदार घडावेत अशी अपेक्षा होती, तिथेच राष्ट्रीय म्हणजे नेमके काय, अशी शंका उपस्थित करणारा शिक्षक बसला होता.

‘द ग्रेट मलेशियन लँडस्केप’ (१९७२) हे त्यांचे चित्र ती शंका कॅनव्हासवरच मांडते. मलेशियातील निसर्गचित्र म्हटले की माडांची रांग, खांबांवर उभे लाकडी घर, होडी आणि भातखाचरे असा ठरलेला ऐवज डोळ्यांसमोर येतो. पर्यटकांना विकली जाणारी जलरंगचित्रे याच ऐवजावर पोसलेली होती. पियादासा यांनी निसर्गचित्र काढले खरे, परंतु पुठ्ठ्यात अक्षरे कापून त्यांवरून रंग फिरवल्यावर उमटावीत तशा स्टेन्सिलच्या ठसठशीत अक्षरांत चित्राच्या निरनिराळ्या भागांची नावे चित्रावरच लिहून टाकली. त्यामुळे प्रेक्षक निसर्गात रमू पाहतो आणि अक्षरे त्याला पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर आणून सोडतात; समोर आहे ते खेडे नसून कापड, चौकट, रंग आणि ‘मलेशियन निसर्गचित्र’ नावाची एक सवय आहे, हे त्याला मान्य करावेच लागते. शीर्षकातील ‘ग्रेट’ या विशेषणाला जी धार आहे ती या सवयीवर रोखलेली आहे.

यानंतर १९७४ साली पियादासा आणि सुलेमान एसा यांनी मिळून जे प्रदर्शन भरवले, त्याचे वर्णन आग्नेय आशियाच्या आधुनिक कलेच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात येते. ‘टूवर्ड्स अ मिस्टिकल रिअ‍ॅलिटी’, म्हणजे ‘गूढ वास्तवाच्या दिशेने’, असे त्याचे नाव होते, आणि ते भरले होते क्वालालंपूरच्या ‘देवान बहासा दान पुस्ताका’ या मलय भाषा व साहित्य यांसाठीच्या सरकारी संस्थेतील लेखकांच्या दालनात. दालनात चित्र वा शिल्प म्हणावे असे काहीच नव्हते. एक रिकामा पक्ष्याचा पिंजरा होता, आणि त्याच्या शीर्षकात लिहिले होते की सोमवार, १० जून १९७४ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी त्यातला पक्षी सोडून देण्यात आला. क्लांग येथील उकिरड्यावर रविवार, १३ जानेवारी १९७४ रोजी सायंकाळी ४ वाजून २३ मिनिटांनी सापडलेला, कोणाचा तरी असावा असा एक टाकून दिलेला रेनकोट होता. अर्धवट प्यायलेल्या कोकाकोलाच्या दोन बाटल्या, डास पळवण्यासाठी एका रात्री जाळलेल्या कॉइलची राख, पेटालिंग जया येथील केशकर्तनालयातून गोळा केलेले केस, अनेकजण बसून गेलेली रिकामी खुर्ची आणि अनेक सावल्या पडून गेलेला कोरा कॅनव्हास, अशा वस्तू मांडलेल्या होत्या. सोबत इंग्रजीत लिहिलेला दीर्घ जाहीरनामा होता.

या वस्तूंना द्यूशाँच्या भांड्याची आशियाई आवृत्ती समजणे सोपे आहे, परंतु त्या दोघांचा दावा निराळा होता. त्यांच्या मते द्यूशाँची तयार वस्तूही शेवटी वस्तूच राहते. ती अवकाशात स्थिर उभी असते आणि प्रेक्षक तिच्याभोवती फिरतो. पाश्चात्त्य कलेची सारी दृष्टी अशी आकारावर आणि अवकाशावर खिळलेली आहे, तिच्यामागे वैज्ञानिक, विश्लेषक मन आहे, आणि आशियातील कलावंत ती दृष्टी तपासून न पाहता तिच्या शैली तेवढ्या उचलत राहिले, अशी त्यांची तक्रार होती. तिच्या जागी त्यांना अशी दृष्टी हवी होती जिच्यात वस्तू ही घटना असते, काळाच्या प्रवाहातील एक क्षणिक गाठ असते. ताओ आणि झेन या परंपरांचा आधार त्यांनी त्यासाठी घेतला. म्हणून शीर्षकांत मिनिटांचा हिशेब आहे. पिंजरा पाहायचा नाही, पक्षी उडून गेला तो क्षण मनाने घडवायचा. खुर्ची पाहायची नाही, तिच्यावर बसून उठून गेलेल्या माणसांचा काळ जाणवून घ्यायचा. कलावंताने केवळ प्रसंगाकडे बोट दाखवायचे आणि उरलेले काम प्रेक्षकाच्या मनाने करायचे, ही त्यामागची मांडणी होती. इथे वस्तू बाजूला सारली गेली ती भाषेच्या तार्किक विश्लेषणासाठी नव्हे, ध्यानासाठी. आणि न्यूयॉर्कच्या संकल्पनात्मक कलेपासून हे प्रदर्शन वेगळे पडते ते याच ठिकाणी.

प्रदर्शनावर प्रतिक्रिया उमटली तीही कलाकृतीइतकीच गाजली. कवी सल्लेह बेन जोनेद यांनी प्रदर्शनाच्या ठिकाणी जाहीरनाम्याच्या प्रतीवर लघवी केली आणि पुढच्या वर्षी पियादासा यांना उद्देशून लिहिलेल्या अनावृत पत्रात आपल्या कृतीचे समर्थन केले. हा प्रकार बेशिस्तीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यामागचा आक्षेप खरा होता. झेन परंपरेत ग्रंथप्रामाण्याची खिल्ली उडवणारा, अनपेक्षित, शरीराच्या पातळीवरचा विनोद भरपूर आहे. गूढाचा अनुभव घ्यायचा तर इतक्या जड, तर्ककर्कश इंग्रजी गद्यातून तो कसा यावा, हे त्या कवीचे म्हणणे होते. त्यात आणखी एका आक्षेपाची भर घालावी लागते. ‘पूर्व’ म्हणजे ध्यानमग्न आणि ‘पश्चिम’ म्हणजे विश्लेषक ही विभागणी मुळात वसाहतकाळातील युरोपीय विद्वानांनी रूढ केलेली, आणि ती जशीच्या तशी स्वीकारून तिच्यावरच पश्चिमेविरुद्धचा युक्तिवाद उभारणे यात अंतर्विरोध आहे. शिवाय ताओ आणि झेन या परंपरा मलय द्वीपकल्पाच्या किती निकटच्या, हाही प्रश्न उरतोच. असे असूनही या प्रदर्शनाचे मोल कमी होत नाही, कारण आपण कोणत्या दृष्टीने पाहतो आणि ती दृष्टी आपल्याला कोणी दिली, हा प्रश्न मलेशियातील कलावंतांनी त्यापूर्वी इतक्या उघडपणे विचारला नव्हता.

हे प्रदर्शन झाल्यावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. सुलेमान एसा पुढे इस्लामी सौंदर्यविचाराच्या अभ्यासाकडे आणि त्यावर आधारलेल्या निर्मितीकडे वळले. पियादासा यांनी १९७५ ते १९७७ या काळात हवाई विद्यापीठात कलेची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परतल्यावर पेनांगच्या सायन्स विद्यापीठात अध्यापन करू लागले. याच टप्प्यावर इतिहासलेखन त्यांच्या कामाच्या मध्यभागी आले.

‘एंट्री पॉइंट्स’ (१९७८), म्हणजे ‘प्रवेशबिंदू’, ही त्यांची कलाकृती या वळणाची साक्ष आहे, आणि त्यांच्या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची कृती कोणती असे विचारल्यास १९७४च्या प्रदर्शनाआधी हिचेच नाव घ्यावे लागेल. चिया यू-चियान हे नानयांग परंपरेत, म्हणजे आग्नेय आशियात स्थलांतरित झालेल्या चिनी चित्रकारांच्या परंपरेत, शिकलेले मलेशियन चित्रकार. त्यांनी १९५८ साली काढलेले नदीचे एक चित्र, नक्कल वा छायाचित्र नव्हे, मूळ चित्रच, पियादासा यांनी आपल्या मोठ्या फलकात बसवले आणि खाली स्टेन्सिलच्या अक्षरांत एक विधान रंगवले. कलाकृती काळात कायम वसत नसतात, त्यांना प्रवेशबिंदू असतात, असा त्या विधानाचा आशय आहे. दुसऱ्याची कलाकृती उचलून आपल्या कृतीत वापरणे, ज्याला कलासमीक्षेत ‘आत्मसातीकरण’ म्हणतात, ते पुढच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फार बोकाळले. परंतु तिथे त्याचा रोख मौलिकतेच्या कल्पनेवर आणि जाहिरातींच्या जगावर होता. इथे हेतू वेगळा दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यात एका तरुण चिनी-मलेशियन चित्रकाराने रंगवलेली नदी १९५८ साली एका अर्थाने पाहिली गेली असेल. १९७८ साली, राष्ट्रीय संस्कृतीच्या तीन तत्त्वांनंतर, तीच नदी पाहणाऱ्याला आधी विचारावे लागते की ही नदी ‘मलेशियन’ आहे का, आणि नसेल तर का नाही. चित्र तेच राहिले, प्रवेशाची जागा बदलली. १९७४ साली काळ हा पिंजरा आणि खुर्ची यांतून जाणवणारा गूढ प्रवाह होता. चार वर्षांनी तोच काळ इतिहास झाला, आणि इतिहास म्हटला की कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, याचा निवाडा आलाच.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, पियादासा आणि कला-इतिहासकार टी. के. सबापती यांच्या पुढाकाराने क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलादालनात नानयांग चित्रकारांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरले. चिनी भाषेत नानयांग म्हणजे दक्षिणेकडील समुद्र. चीनमधून आग्नेय आशियात स्थलांतरित झालेले लोक या नव्या मुलुखाला त्या नावाने ओळखत. लिम हाक ताई यांनी १९३८ साली सिंगापूरमध्ये नानयांग कला अकादमी स्थापन केली आणि तिच्याभोवती चिऑंग सू पिएंग, चेन वेन सी, चेन चाँग स्वी, जॉर्जेट चेन, ल्यू कांग आदी चित्रकार एकत्र आले. चिनी शाईचित्रणाची लय, पॅरिसच्या आधुनिक चित्रकलेची रंगदृष्टी आणि उष्ण कटिबंधातील माणसे, बाजार, किनारे यांचा मेळ घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यांच्यापैकी चौघांनी १९५२ साली केलेला बाली बेटाचा प्रवास या मेळाच्या दृष्टीने निर्णायक मानला जातो. पियादासा आणि सबापती यांनी या चित्रकारांना केवळ स्थलांतरित चिनी समाजाचे चित्रकार न मानता, या प्रदेशाची स्वतःची आधुनिक दृष्टी जाणीवपूर्वक घडवणारे आरंभीचे कलावंत म्हणून मांडले. राष्ट्रीय संस्कृतीचा पाया कोणता हे शासनाने ठरवून दिलेले असताना ही मांडणी करणे म्हणजे नुसती शैक्षणिक बाब नव्हती, आणि ती पुराव्यांसह, चित्रे भिंतीवर लावून केली गेली, म्हणूनच ती टिकली.

या दोघांनी लिहिलेले ‘मॉडर्न आर्टिस्ट्स ऑफ मलेशिया’ हे पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशक होती तीच देवान बहासा दान पुस्ताका ही संस्था, जिच्या दालनात नऊ वर्षांपूर्वी रिकामा पिंजरा मांडला गेला होता. आधुनिक मलेशियन कलेकडे पिढ्या, शिक्षणसंस्था, शैली आणि परस्परप्रभाव यांच्या संगतीने पाहणाऱ्या पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी ते एक आहे आणि पुढील अभ्यासकांना, मतभेद नोंदवायचे असले तरी, त्यापासूनच सुरुवात करावी लागते. पुढे जॉन क्लार्क यांनी संपादित केलेल्या आशियाई कलेतील आधुनिकतेवरील ग्रंथात (१९९३) पियादासा यांनी स्वातंत्र्योत्तर मलेशियन कलेचा जो आढावा घेतला, त्यात मलय-इस्लामी केंद्राभोवतीच राष्ट्रीय कलेची कथा गुंफण्याच्या प्रवृत्तीला त्यांनी स्पष्ट विरोध केला. त्यांच्या इतिहासलेखनात दोष नाहीत असे नाही; आपल्या पिढीच्या बंडाला त्यांनी दिलेले महत्त्व कधी कधी जास्त वाटते, आणि ज्या चळवळीत लेखक स्वतः सामील होता तिचा इतिहास लिहिताना साक्षीदार आणि न्यायाधीश या भूमिका सरमिसळ होतात. तरी त्या काळी त्यांनी लिहिले नसते तर बरीच चित्रे नावागावाशिवाय राहिली असती, हे विसरता येत नाही.

१९८०च्या दशकारंभापासून त्यांनी ‘मलेशियन सिरीज’ या चित्रमालिकेवर काम केले आणि तिच्यात इतिहासकाराची सामग्री थेट कलावंताच्या हाती आली. छायाचित्रकारांच्या जुन्या स्टुडिओंत काढलेली कौटुंबिक छायाचित्रे हा या मालिकेचा कच्चा माल. ती मोठी करून स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका छापण्यासाठी वापरतात त्या जाळीच्या पडद्यातून शाई दाबून काढण्याच्या पद्धतीने, ते छापत, त्यांवर रंग चढवत आणि भोवती नक्षीदार पट्ट्या, कापडावरच्या छापांसारखे आकृतिबंध जोडत. ‘बाबा फॅमिली’ (१९८७) या चित्रात स्थानिक चालीरीती स्वीकारलेल्या जुन्या चिनी कुटुंबांपैकी, ज्यांना तिथे ‘बाबा’ म्हणतात त्यांपैकी, एक कुटुंब आहे. ‘द हाजीज फॅमिली’ (१९९०) या चित्रात हज करून आलेल्या गृहस्थाचे घर आहे. कुटुंबे निरनिराळ्या समाजांतली, धर्म निरनिराळे. मात्र स्टुडिओतील बसण्याची ताठर रीत, मधोमध वडीलधारी माणसे, बाजूला उभी मुले, कॅमेऱ्याकडे रोखलेली गंभीर नजर हे सर्व सारखे. काही वस्त्रे आणि अलंकार एका समाजातून दुसऱ्यात गेलेले ओळखू येतात. पियादासा यांनी या चित्रांत कोणाची स्तुती केलेली नाही आणि कोणाला दोष दिलेला नाही; देशाच्या आरंभीच्या दिवसांत कोण कोण इथे होते, याचा पुरावा त्यांनी सजवून भिंतीवर लावला. संकल्पनात्मक कलेतील कोरडेपणा या मालिकेत उरत नाही. रंग उबदार आहेत, नक्षी मनसोक्त आहे, आणि १९६०च्या दशकात भावनेवर अविश्वास दाखवणाऱ्या कलावंताने इथे जिव्हाळ्याला मोकळी वाट दिली आहे. मलेशियात सामान्य प्रेक्षकाला पियादासा आठवतात ते बहुधा या मालिकेमुळेच.

नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार त्यांना १९९८ साली मिळाला, २००१ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनपर प्रदर्शन झाले, आणि २००७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आरंभीच्या कृतींचे पुढे काय झाले, हाही त्यांच्याच प्रश्नाचा एक भाग म्हणून पाहता येतो. ‘१३ मे १९६९’ ही १९७०ची मूळ कृती टिकली नाही. ती २००६ साली पुन्हा बनवण्यात आली, आणि ही नव्याने घडवलेली कृती सिंगापूरच्या सार्वजनिक संग्रहात आहे. तिच्या नावापुढे आता दोन वर्षे लिहिली जातात. १९७० साली ती पेटी दंगलीची धग अनुभवलेल्या क्वालालंपूरकरांसमोर उभी होती. नव्या पेटीसमोर येणाऱ्यांत ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता असे पुष्कळ आहेत, आणि ती उभी आहे तो देश मलेशियातून दंगलीच्या चार वर्षे आधी वेगळा झालेला. १९७४च्या वस्तूंबाबत अडचण याहून मोठी आहे. पिंजरा दुसरा आणता येतो, रेनकोटही आणता येतो. परंतु १० जूनच्या दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी त्यातून पक्षी उडालेला नसतो आणि तो रेनकोट क्लांगच्या उकिरड्यावर त्या रविवारी पडलेला नसतो. म्हणून त्या प्रदर्शनाची ओळख आज अभ्यासकांना होते ती मुख्यतः शीर्षकांच्या यादीतून, मोजक्या छायाचित्रांतून आणि सल्लेह बेन जोनेद यांनी ज्याचा इतका राग केला त्या इंग्रजी जाहीरनाम्यातून.